तुम्ही विचारलंत म्हणून: डायरेक्ट रिॲक्टच शिकू का?

लातूर-नांदेडकडच्या शेवटच्या वर्षाच्या लेकरांचा मला ठरलेला प्रश्न असतो, "सर, फ्रंटएंडमध्ये जायचंय. डायरेक्ट रिॲक्टच शिकू का?" फ्रंटएंड म्हणजे वेबसाइटचा डोळ्यांना दिसणारा भाग, आणि रिॲक्ट ही तो बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. पुण्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत ते नाव दिसतं, क्लासवालेही तेच शिकवतात, म्हणून प्रश्न पडणारच. माझं उत्तर एकच: शिका, पण एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याचं रूप) हातात बसल्यावर.

रिॲक्ट २०१३ साली आलं, तेव्हा ब्राउझरला फार काही येत नव्हतं. पानाची आडव्या-उभ्या चौकटींत मांडणी करणारं सीएसएस ग्रिड प्रमुख ब्राउझरांत २०१७ मध्ये आलं, जुना ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ च्या जूनमध्ये बंद झाला. त्यानंतर चित्र इतकं पालटलंय की जुना अभ्यासक्रम शिकलेल्याला ते ओळखू येत नाही.

समजा, मोंढ्यातल्या आडत दुकानासाठी बाजारभावाचं पान करायचंय. सोयाबीन, तूर, हरभरा; प्रत्येकाचं एक कार्ड, त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. तेच कार्ड मधल्या रुंद जागेतही बसायला हवं आणि कडेच्या अरुंद पट्टीतही. मीडिया क्वेरी ही सीएसएसमधली अट कार्डाची नाही, स्क्रीनची रुंदी बघते. कंटेनर क्वेरी कार्डाला मिळालेली जागा बघते आणि २०२३ पासून ती सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालते. भाव चढल्याची खूण ज्या कार्डात आहे त्याचीच कड हिरवी करायची असेल, तर 'हॅज' सिलेक्टरची, म्हणजे आत काय आहे ते बघून घटक निवडणाऱ्या सीएसएसची, एक ओळ पुरते. दराचा तपशील वेगळ्या चौकटीत उघडायचाय? 'डायलॉग' टॅग आहे. मोडल (बाकी पान अडवून वर येणारी चौकट) म्हणून उघडला की एस्केपने बंद होतो आणि मागचं पान तोवर निष्क्रिय राहतं. या सगळ्यासाठी पूर्वी आपण लायब्रऱ्या ओढून आणायचो.

आणि त्या लायब्रऱ्यांचं ओझं वाहतो तो शेतकऱ्याचा फोन. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलतं करणारी भाषा, नुसती डाउनलोड होऊन भागत नाही, ती वाचून चालवायला प्रोसेसर लागतो, आणि स्वस्त फोनमध्ये तोच दमतो. बटण दाबल्यावर पान किती लवकर हलतं, हे मोजणारं आयएनपी हे माप गूगलने मार्च २०२४ मध्ये कोअर वेब व्हायटल्स या पान वापरायला कसं आहे ते मोजणाऱ्या मापांच्या संचात घेतलं. २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. सर्व्हरवरच एचटीएमएल तयार करून पाठवायचं आणि लागेल तिथेच जावास्क्रिप्ट द्यायची, असा कल आता पुन्हा आलाय. अ‍ॅस्ट्रो हे वेबसाइट बांधायचं साधन त्याच विचारावर उभं आहे. रिॲक्टनेही सर्व्हर कंपोनंट्स, म्हणजे सर्व्हरवरच तयार होणारे पानाचे भाग, आणले ते उगीच नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत आणि मला ती फार महत्त्वाची वाटते: मराठी मजकूर नीट मांडणं. पानाची भाषा सांगणाऱ्या 'लँग' ॲट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड, म्हणजे 'एमआर', द्या. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही. स्क्रीन रीडरलाही कोणत्या भाषेत वाचायचं ते कळतं. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजीला बेतलेली लाइन-हाइट (ओळीची उंची) आपल्याला पुरत नाही. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडतात. आकडे हाताने बदलत बसू नका. ब्राउझरमधल्या 'इंटल' या भाषेप्रमाणे आकडे-तारखा मांडणाऱ्या सोयीतल्या नंबर-फॉरमॅटला 'एमआर-आयएन' सांगितलं की तो १,२५,००० असं लाखाच्या स्वल्पविरामांसकट देवनागरीत देतो.

"पण सर, हे तर एआय लिहून देतं की!" देतं. बटणाच्या जागी क्लिक लावलेला डिव्हही (नुसता चौकटीचा टॅग) देतं, आणि माउसऐवजी कीबोर्ड वापरणारा माणूस तिथे अडकतो. ती चूक पकडायला बटण टॅग काय काय करतो ते तुम्हाला ठाऊक हवं.

मग रिॲक्ट कधी? सौदा सुरू आहे, बोली क्षणाक्षणाला बदलतेय, तीच रक्कम यादीत, बेरजेत आणि आडत्याच्या खात्यात एकाच वेळी दिसायला हवी, असा स्क्रीन आला की तेव्हा. तोवर भावाचं पान आधी साध्या एचटीएमएल-सीएसएसमध्ये करा, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर उघडा, आणि ते घेऊन या. आपण दोघं बसून बघू.