पाय टेकतात का?

"आकडे राहू द्या ताई, आधी पाय टेकतात का बघा."

ताम्हिणीतल्या टपरीवर एक काका सकाळी एवढंच म्हणाले. महिनाभर माझा घोळ चाललाय, बाईक कुठली घ्यावी, हिमालयन ४५० की केटीएम ३९० ॲडव्हेंचर. एक ४५२ सीसी, ताकद ४० पीएस, १७ लिटरची टाकी. दुसरी २०२५ची, ३९९ सीसी, ४६ पीएस, वजनाला हलकी, आणि आपल्या चाकणची.

काकांनी स्वतःच्या हिमालयनवर बसवलं. सीट ८२५ मिमी. माझे नुसते चवडे टेकले. चिखलात गाडी जराशी कलली आणि १९६ किलो म्हणजे काय ते पहिल्यांदा मांडीला कळलं. काकांनी धरली म्हणून वाचले.

केटीएमची सीटही खाली नाहीच, ८३० मिमी.

पाच फूट दोन इंचाच्या कुणी यातली एखादी खडीवर एकटीनं उचललीय का? मला खरंच ऐकायचंय.