अंकल स्क्रूज आणि प्लॉट

"मामा, हा आधीच एवढा श्रीमंत आहे ना? मग परत खजिना कशाला शोधतोय?"

भाची डकटेल्स खेळत होती. डिस्नेच्या कार्टूनवरून कॅपकॉमने निन्टेन्डोसाठी काढलेला १९८९ मधला गेम, आता माझ्या लॅपटॉपवर. हिमालयात अंकल स्क्रूज, म्हणजे त्यातला गडगंज श्रीमंत बदक, काठीवर टुणटुण उड्या मारत निघाला आणि बर्फात काठीच रुतली. बर्फ फक्त म्हापशाच्या मासळी बाजारात पाहिलेली पोर खो खो हसली. आणि मग हा प्रश्न.

मला उत्तर सुचेना. या गेममध्ये गुणसुद्धा डॉलरमध्येच मोजतात. अ‍ॅमेझॉन असो, आफ्रिकेतली खाण असो की थेट चंद्र, जाल तिथे हिरे वेचायचे. दूरदर्शनवर हे कार्टून बघताना आमच्या डोक्यात असलं काही आलंच नव्हतं. (आम्ही लहानच होतो म्हणा.)

संध्याकाळी शेजारचे भाऊ चहाला आले. डिचोलीकडे आणखी एक प्लॉट बघून आले होते, चौरस मीटरचा भाव अगदी रंगवून सांगत होते. आहेत ते फ्लॅट भाड्याने, मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला, घरात ही दोघंच. "पोरांना होईल," म्हणाले.

भाची माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली. ती तोंड उघडणार एवढ्यात मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

तुमच्या वाड्यावर आहेत का असे कोणी भाऊ?