माराकेशची शिकवणी, फेझची खरेदी

मोरोक्कोत खरेदी करणार असाल तर आधीच सांगून ठेवते. 'जुनं' म्हणून जे दाखवतील ते बघा, हाताळा, त्याची कहाणी ऐका, पुदिन्याचा चहा प्या आणि उठा. पैसे नव्या वस्तूला द्या, आणि जमलं तर ती जिथे बनते तिथे जाऊन द्या. हे शहाणपण घरून निघताना माझ्याकडे नव्हतं. ते माराकेशमधल्या एका दुकानदारानेच दिलं, तेही फुकट.

माझी नणंद आणि मी, आम्ही दोघीच गेलो होतो. ती पुण्यात फ्रेंच शिकवते, त्यामुळे बोलण्याचं खातं तिच्याकडे आणि पैशाचं माझ्याकडे. जामा एल-फ्नाचा मोठा चौक ओलांडला की उत्तरेला सूक, म्हणजे बाजाराच्या गल्ल्या, सुरू होतात. सेमारीन ही त्यातली मुख्य. वर लाकडी पट्ट्यांचं छत, त्यातून खाली उतरलेले उन्हाचे पट्टे, आणि दोन्ही बाजूंना "हिंद? शाहरुख खान!" असे पुकारे. पहिल्या दिवशी मजा वाटते. नंतर आपण सराईतपणे "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणत पुढे सरकायला शिकतो.

सेमारीनच्या आतल्या एका फाट्यावर 'अँटिक' अशी पाटी असलेलं दुकान होतं. आत पितळी कंदील, वाकड्या म्यानांचे खंजीर, बोराएवढ्या पिवळ्या मण्यांच्या माळा, आणि उंटाच्या हाडाच्या पट्ट्या बसवलेल्या पेट्या. मालक साठीतले, अंगात पांढरा जेल्लाबा (टोपीचा पायघोळ झगा), बोलणं अतिशय मृदू. एक पेटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवली. सहारातल्या तुआरेग लोकांची, ऐंशी वर्षांपूर्वीची, एका म्हाताऱ्या बाईने मुलीच्या लग्नासाठी विकली, वगैरे. मी कहाणीत पुरती बुडालेली असताना नणंदेने पेटी उलटी केली.

"वहिनी, हे बघ."

तळाला अर्धवट खरवडलेलं स्टिकर होतं. त्यावर इंग्रजीत शिल्लक राहिलेली अक्षरं एवढीच: 'जोधपू'.

मला वाटलं, आता हे गृहस्थ ओशाळतील. ते खो खो हसले आणि पोऱ्याला चहा आणायला पिटाळलं. "तुम्ही हिंदच्या," ते म्हणाले, "तुम्हाला तुमचीच वस्तू विकायची म्हणजे फार झालं." मग चहाचे तीन पेले होईपर्यंत आमची शिकवणी झाली. माराकेशच्या बाजारात भारतातून येणारा माल बराच असतो. हाडाच्या वस्तू चहाच्या किंवा मेंदीच्या पाण्यात ठेवल्या की पिवळट, जुनाट दिसतात. गालिचे गच्चीवर उन्हात पसरून रंग उतरवतात. 'अंबर' (झाडाच्या राळेचे युगानुयुगं गोठलेले खडे) म्हणून दाखवतात ते मणी बहुतेक वेळा कृत्रिम राळेचे किंवा प्लास्टिकचे. 'बर्बर चांदी' (बर्बर हे इथले मूळ रहिवासी) म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, चांदीचा त्यात अंशही नसतो. 'सब्रा' म्हणजे निवडुंगाचं रेशीम असं सांगून विकतात ते कापड बरेचदा रेयॉन असतं. दोरा जाळून बघा, कागद जळाल्यासारखा वास येतो. हे सगळं ते कुणा परक्याबद्दल बोलावं तसं बोलत होते, आणि आजूबाजूला तोच माल मांडलेला होता.

शेवटी त्यांनी आतल्या कपाटातून एक चहादाणी काढली. पोट फुगीर, झाकण टोकदार घुमटासारखं, चार छोटे पाय. कुणीही मोरोक्कनच म्हणेल अशी. तळाशी शिक्का मात्र मँचेस्टरचा, राईट नावाच्या कारखानदाराचा. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कारखाने खास या बाजारासाठी चहादाण्या बनवून पाठवत. 1850 च्या दशकात क्रिमियाच्या युद्धामुळे ब्रिटिश व्यापाऱ्यांची नेहमीची गिऱ्हाइकं तुटली आणि चीनचा हिरवा, गोळ्यांसारखा वळलेला 'गनपावडर' चहा मोठ्या प्रमाणावर मोरोक्कोच्या बंदरांत उतरू लागला. आज ज्याला आपण मोरोक्कोचा पुरातन चहा म्हणतो, तो असा रुजला. त्या दुकानात खात्रीने जुनी अशी ती एकच वस्तू निघाली, आणि ती इंग्लंडची! भाव ऐकून आम्ही ती हळूच खाली ठेवली.

खरोखरीच्या जुन्या वस्तूंचं आणखी एक त्रांगडं आहे. मोरोक्कोत त्यासाठी कायदा आहे. पुरातन आणि कलात्मक मोलाच्या वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. डोंगरातल्या कस्ब्यांचे, म्हणजे गढ्यांचे, कोरीव दरवाजे, हस्तलिखितं, जुने दागिने असं काही कुणी 'दोनशे वर्षांचं' म्हणून देत असेल तर कागद मागावेत. कागद नसतील तर वस्तू नकली तरी असते नाहीतर अडचणीची तरी. मला दोन्ही नको होत्या.

माराकेशमध्ये खरेदी केली नाही, पण एक तमाशा मन भरून पाहिला. रहबा कदीमा या मसाल्यांच्या चौकाच्या बाजूला गालिच्यांचा एक बोळ आहे, क्रिये बर्बेर. 1912 मध्ये फ्रेंच येईपर्यंत तिथे माणसांचा, गुलामांचा लिलाव होत असे. आता दुपार कलली की गालिच्यांचा होतो. दलाल खांद्यावर घडी टाकून दुकानादुकानासमोरून फिरतो आणि शेवटची बोली मोठ्याने ओरडत राहतो. दुकानदार बसल्या जागी बोट किंवा भुवई हलवतात. एक दलाल आमच्याकडे बघून थांबला, पण आमच्या चेहऱ्यावर काहीच न दिसल्याने पुढे गेला. त्या बोलीतला आकडा आणि समोरच्या दुकानात त्याच जातीच्या गालिच्याला आम्हाला सांगितलेला आकडा यांतली तफावत ऐकून नणंदेचा जीव वरखाली झाला. भावाचा अंदाज बांधायचा तर मोहम्मद पाचवे रस्त्यावरचं सरकारी हस्तकला केंद्र बरं, तिथे ठरलेले दर असतात. आधी तिथे एक फेरी मारावी आणि मग गल्ल्यांत शिरावं.

समुद्राकाठचं एस्सावीरा मला माणसांपेक्षा वासाने लक्षात राहिलं. थुया नावाच्या झाडाच्या मुळाशी गाठी धरतात, त्या गाठींच्या लाकडाच्या डब्या, पेट्या, बुद्धिबळाचे पट इथे बनतात. तटबंदीच्या खाली ओळीने कारागिरांच्या खोल्या आहेत. डबी उघडली की आतून तिखट-गोड, देवदारासारखा वास येतो. वॉर्निश थापलेल्या डबीला तो येत नाही, म्हणून विकत घेताना सरळ नाक आत घालावं. झाडं कमी होत चालली आहेत, तेव्हा एक छोटी डबी घेऊन थांबले.

फेझला मात्र आम्ही पैसे घेऊनच गेलो, असं म्हणायला हरकत नाही. जुन्या फेझच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. सामान गाढवं-खेचरं वाहतात आणि मागून "बालाक! बालाक!" असा आवाज आला की भिंतीला चिकटायचं. चामडं कमावण्याच्या शुआराच्या हौदांवर सगळ्यांनीच लिहिलं आहे, मी थोडक्यात आवरते. गच्चीवर जाताना नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात, खाली चुन्याचे आणि कबुतराच्या विष्ठेचे हौद, वास खरोखर भयंकर. पिवळ्या सपाता 'केशराने रंगवलेल्या' म्हणून सांगतात. केशराचा भाव माहीत असलेल्या माणसाने यावर काय बोलावं!

सेफारीन चौकात पोचायच्या आधी तो ऐकू येतो. एका बाजूला कारावियीन मशिदीचं ग्रंथालय (मशीद 859 मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईने बांधली अशी परंपरा), आणि त्याच्या दाराशी दिवसभर तांब्यावर हातोडे. पत्रा आधी गोल कापतात, मग लोखंडी ठोकणीवर ठेवून लाकडी हातोड्याने फिरवत फिरवत पोट काढतात, नंतर मठारतात. एक म्हातारे कारागीर कुसकुस शिजवायचं मोठं भांडं मठारत होते. अशा कसलेल्या कारागिराला तिथे 'मालेम' म्हणतात. त्यांचं लक्ष भांड्याकडे नव्हतंच. ते शेजाऱ्याशी गप्पा मारत होते, डावा हात भांडं एकेक बोट सरकवत होता आणि ठोका बरोबर आधीच्या ठोक्याच्या कडेला पडत होता. चौकाच्या कोपऱ्यात एक पोरगा भांड्यांना आतून कल्हई करत होता. मी किती वर्षांनी कल्हई बघत होते कुणास ठाऊक. आमच्या बिल्डिंगखाली येणारा कल्हईवाला कधी यायचा थांबला, तेही आता आठवत नाही.

मला नक्षीचं पितळी ताट हवं होतं. ते निवडायची युक्ती मालेमनी स्वतःच दाखवली, ताट उलटं करून. छिन्नीने ठोकलेल्या रेघा मागच्या बाजूला उठलेल्या दिसतात, आणि प्रत्येक कमी-जास्त. साच्यात दाबलेल्या ताटाची प्रत्येक रेघ सारखी. त्यांच्याकडच्या ताटावर आखणी म्हणून फक्त कंपासचे चार-पाच गोल होते. बाकीची सगळी वेलबुट्टी हाताने, न आखता. एका जागी पाकळी थोडी हुकलीये, तीच मला आवडली. भाव त्यांनी सांगितला चारशे दिरहम. दिरहम म्हणजे तेव्हा आठ-नऊ रुपये. नणंद घासाघीस करायला पुढे सरसावली, मीच तिला थांबवलं. दोन दिवसांच्या ठोक्यांचे तेवढे पैसे मला जास्त वाटले नाहीत. मालेमनी आपणहून पन्नास कमी केले, आणि नणंद पुढे संध्याकाळपर्यंत त्या पन्नासचं श्रेय घेत होती.

कुंभारांची वस्ती शहराच्या कडेला, ऐन नोकबीला. भट्ट्या ऑलिव्हच्या तेलघाण्यातल्या चोथ्यावर चालतात, धूर काळाकुट्ट. फेझची निळी भांडी कोबाल्टच्या रंगाची. मी पाहत राहिले ते मात्र झेलिजवाल्यांना. मोरोक्कोतल्या राजवाड्यांच्या, मदरशांच्या भिंतींवर जी रंगीत तुकड्यांची भूमिती दिसते ती म्हणजे झेलिज. मांडी घालून बसलेली माणसं, समोर लोखंडी ऐरण, हातात दोन्ही टोकांना धार असलेला जड हातोडा. झिलई केलेल्या फरशीवर आधी आकार रेखायचा आणि मग टक टक करत तो सोडवून काढायचा: चांदणी, बदाम, अष्टकोन. एक टवका चुकीचा उडाला की तुकडा ढिगात. नंतर जोडणारा माणूस ते सगळे तुकडे जमिनीवर पालथे मांडतो. रंगाची बाजू खाली, मातीची वर. म्हणजे शेकडो तुकड्यांची नक्षी मांडताना त्याला रंग दिसतच नाहीत! पाठीवर चुन्या-सिमेंटचा थर ओतून, वाळवून, सगळी फळी उलटी केल्यावर चूक असेल तर तेव्हा कळणार. मी विचारलं, चुकतं का कधी? नणंदेने भाषांतर केलं. त्याने नुसतं वर बघितलं आणि पुढचा तुकडा लावला.

तिथून निळे वाडगे घेतले, पण आधी विचारून. पारंपरिक झिलईत शिसं असू शकतं, त्यामुळे आंबट पदार्थ अशा भांड्यात ठेवू नयेत. विकणाऱ्याने भिंतीवर टांगायची ताटं आणि जेवायची भांडी वेगवेगळी दाखवली. सगळेच दाखवतील असं नाही.

डोंगरातला गालिचा मात्र कारखान्यात विकत मिळत नाही, कारण बहुतेकदा कारखाना नसतोच. विणणाऱ्या बायका ॲटलसच्या डोंगरांतल्या गावांत आणि विकणारे पुरुष शहरात. मधल्या हातांचा हिशेब कुणी सांगत नाही. मी तीन दुकानांत विचारलं, 'कुणी विणला?' उत्तरात प्रत्येक वेळी टोळीचं किंवा भागाचं नाव आलं, बाईचं नाही. शेवटच्या दुकानात बेनी उराइन टोळीचे पांढरे लोकरी गालिचे, काळ्या चौकटींचे, एकावर एक उलगडले गेले. सुंदर होते, आणि जगभरच्या दिवाणखान्यांच्या फोटोंत इतके पाहिलेले की मला काही वाटेना. मग पोऱ्याने तळातून एक घडी ओढली. जुन्या स्वेटरांच्या, ओढण्यांच्या, नायलॉनच्या चिंध्या गाठी मारून विणलेला 'बुशेरुईत'. लोकर महाग झाली तेव्हा घरातल्या फाटक्या कपड्यांतून बायकांनी घरापुरते विणलेले हे गालिचे. एका कोपऱ्यात गुलाबी संपला म्हणून सरळ केशरी सुरू झालेला. आमच्या आजीच्या गोधडीची ही सख्खी बहीण.

"वहिनी, चेहरा सरळ ठेव," नणंद मराठीत कुजबुजली. "भाव वाढेल."

उशीर झाला होता. मालकाने माझा चेहरा वाचला होता आणि बत्तीसशेपासून सुरुवात केली. दोनदा उठून दारापर्यंत गेलो, एकदा जिन्यापर्यंत, आणि चौदाशेवर हात मिळवला. 'जुना आहे' असं तो म्हणाला नाही, ही त्याची सभ्यता. पोऱ्याने गालिचा गुडघ्याने दाबत उशीएवढा केला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि सुतळीने शिवून त्याला पकडायला मूठही करून दिली. जहाजाने पाठवतो म्हणत होते, आम्ही हातातच घेतला. पावतीवर वस्तू नवी, हातमागाची आणि किंमत किती हे लिहून घ्या, विमानतळावर कुणी विचारलंच तर बरं पडतं. आणि हो, दोन हजारांहून जास्त दिरहम देशाबाहेर नेता येत नाहीत, उरलेले विमानतळावरच बदलून घेतलेले बरे. आमच्याकडे बदलण्याजोगे उरले नव्हते. चिल्लर होती, तिचे नणंदेने खजूर घेतले, आणि तेही ठरलेल्या भावाच्या दुकानात, घासाघीस करून.