तुम्ही विचारलंत म्हणून : पखवाजावर वाळू कशाला?

एकादशीच्या भजनानंतर कोणी ना कोणी विचारतंच. परवा बेळगावहून येताना बसमध्ये एका काकांनीही विचारलं, "इलेक्ट्रॉनिक्स शिकलास नि पखवाजावर वाळू टाकत बसलायस. ही कला म्हणायची की विज्ञान? आणि उपयोग काय त्याचा?" तेवढ्यात खानापूर आलं आणि उत्तर राहिलं.

काका, डफाचं साधं चामडं घ्या. त्यावर थाप मारली की मूळ स्वराबरोबर वरचेही स्वर उठतात, पण ते १.५९ पट, २.१४ पट असे आडनिडे. म्हणून डफ घुमतो, पण सुरात लागत नाही. पखवाजाच्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या चामड्यावर, मधोमध शाई (काळा लेप) भरली की तेच वरचे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हे मांडलं. पुढे १९३४च्या निबंधात त्यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून ते डोळ्यांना दाखवलं. थरथरणाऱ्या जागेवरून वाळू उडते आणि चामडं जिथे स्थिर असतं तिथे रेघ धरून बसते. तेव्हा नोबेल मिळून चार वर्षं झाली होती, तरी हा माणूस मृदंगापाशी बसला होता. मला त्याचं फार बळ वाटतं.

मी मलप्रभेची वाळू धुतली, वाळवली, मैद्याच्या चाळणीतून काढली. पखवाज उभा करून शाईच्या बाजूला पसरली. थापेनंतर पुडीच्या मधून सरळ रेघ यायला हवी होती. आली ती एका अंगाला वाकडी. दोन रात्री मी चूक वाळूत शोधली, मग हातात शोधली. शेवटी पखवाज घेऊन बेळगावात शाई भरणाऱ्या मामांकडे गेलो. त्यांनी रेघेकडे पाहिलंही नाही. तळहाताने वाळू झाडली, कडेकडेने बोटाने टिचक्या मारल्या आणि अंगठा टेकवून म्हणाले, "इथं जाड राहिलीय."

लोखंडाचा भुगा आणि खळ यांचा एकेक थर द्यायचा आणि दगडाने घोटत राहायचं. घोटता घोटता शाईला बारीक भेगा पडतात, म्हणूनच ती कडक असूनही चामड्याबरोबर लवते. मामांनी तेवढीच जागा घोटली. घरी येऊन पुन्हा वाळू टाकली, तर रेघ सरळ! मला दोन रात्री लागल्या ते त्यांच्या कानाला आधीच ठाऊक होतं. पण आता ते जाणणं दुसऱ्याला दाखवता येतं. मामांचा नातू आता वाळू टाकून शाई तपासायला शिकतोय. उपयोग विचाराल तर सध्या एवढा आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो.

भजनात मी दिव्यांचाही एक प्रयोग केला, त्याचं मात्र आधी चुकलंच होतं. पुडीच्या कडेला पिझोची, म्हणजे थरथरीचा विजेचा संकेत करणारी, चकती चिकटवून मी प्रत्येक थापेला देवळाच्या भिंतीवर रंगीत प्रकाश उडवला. पोरं खूश झाली. आमचे पखवाजवाले बुवा म्हणाले, "लोक भिंतीकडं बघालेत, ऐकतंय कोण?" मी तो सगळा प्रकाश काढून टाकला.

मग एक वाचनात आलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कला दहा कलावंत आणि सुमारे तीस इंजिनिअर यांनी मिळून नऊ संध्याकाळी प्रयोग सादर केले. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतले इंजिनिअर बिली क्लूवर त्यात पुढे होते. रॉबर्ट राउशेनबर्ग या चित्रकाराने तिथे टेनिसचा खेळ मांडला. रॅकेटमध्ये माइक बसवले होते. चेंडू लागला की मोठा आवाज घुमायचा आणि एक दिवा विझायचा. सगळे दिवे विझेपर्यंत खेळ चालला. ते वाचलं आणि मला बुवांचं बोलणं नीट कळलं. दिवा लावायचा नाही, विझवायचा.

आता जागराला चोवीस दिवे असतात. समेवरच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच्या, थापेला एक विझतो. शेवटचा गेला की अख्खं देऊळ अंधारात, आणि पखवाज पहिल्यांदाच इतका जवळ ऐकू येतो. पहिल्या वेळी त्या अंधारात कोणी खोकलंसुद्धा नाही.

बुवांनी आता नवं काम दिलंय. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या डाव्या तोंडाला, लावलेली ओली कणीक रात्रभरात सुकत जाते, वजन घटतं, तसा सूर चढतो. मग ते बोट पाण्यात बुडवून ती पुन्हा भिजवतात. नेमकं कधी भिजवायचं ते बोटाला कसं कळतं, हे त्यांना स्वतःलाही पाहायचंय. येत्या एकादशीला चकती त्या बाजूला बसवणार आहे. कणीक बुवाच मळणार.