रातपाळी, दिवसपाळी आणि एक मोठा क्लस्टर

प्रबंधाचं नाव जवळपास ठरलेलंच होतं. रातपाळी करणाऱ्यांच्या मेंदूत, आकडे लक्षात ठेवताना, इन्सुला या भागाची क्रिया मंदावते असा त्याचा आशय होता. मी जळगावात संख्याशास्त्र शिकवते. वैद्यकीय आणि मानसशास्त्राची मुलं आकडेमोड तपासून घ्यायला येतात, तशीच ही भुसावळची मुलगी एप्रिलमध्ये आली. बाहेर पारा बेचाळिसाच्या पुढे, आणि हिला संध्याकाळच्या पॅसेंजरच्या आत माझा होकार हवा होता.

तिचे वडील लोको शेडमध्ये कामाला. तिच्या लहानपणापासून त्यांची रातपाळी चालू. दिवसा ते झोपलेले असताना घरात कुजबुजत बोलायचं, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, असं हे घर. विषय तिला कुणी दिलेला नव्हता, तो तिच्या घरातच होता. म्हणून तिचं काम मी मनापासून वाचलं. मेंदूच्या क्रियेचे स्कॅन एका मोठ्या शहरातल्या केंद्रात झालेले, रातपाळी आणि दिवसपाळी अशा दोन्ही गटांत विसेक माणसं, वयं सारखी, डोकं हललेले स्कॅन प्रामाणिकपणे बाजूला काढलेले. खरंच नेटकं काम होतं.

पडद्यावर मेंदूच्या नकाशात, डाव्या बाजूला, दोन गटांतला फरक दाखवणारा मोठा नारिंगी डाग होता. इन्सुलापासून सुरू होऊन टेम्पोरल लोबमध्ये उतरलेला, पुढे फ्रंटल लोबच्या खालच्या अंगाला टेकलेला. सॉफ्टवेअरने या अख्ख्या क्लस्टरची, म्हणजे सलग पुंजक्याची, पी-व्हॅल्यू (फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली दाखवली होती.

"पहिला थ्रेशोल्ड किती घेतलास?" मी विचारलं. थ्रेशोल्ड म्हणजे नकाशावरचा ठिपका दाखवायचा की नाही हे ठरवणारी कसोटी; आकडा जितका लहान, तितकी ती कडक.

"०.०१, मॅडम. ०.००१ घेतला की डाग तुटतो. सर म्हणाले, मग ०.०१च ठेव."

इथे मी थांबले. मेंदूचा नकाशा दोन मिलिमीटरच्या ठोकळ्यांत मांडला तर असे दोन लाखांहून जास्त ठोकळे, म्हणजे व्होक्सेल, होतात आणि प्रत्येकावर वेगळी चाचणी चालते. कुठेच काही फरक नसला तरी ०.००१ च्या कसोटीवर दोनशेच्या वर व्होक्सेल निव्वळ योगायोगाने उजळतात. जितक्या चाचण्या तितकी कसोटी कडक करणारी बॉनफेरोनीची दुरुस्ती लावावी, तर ती फार कडक पडते, कारण शेजारचे व्होक्सेल एकमेकांसारखेच वागतात. म्हणून क्लस्टरची वाट निघाली. आधी एक थ्रेशोल्ड लावायचा, त्यावर जे व्होक्सेल उरतील त्यांचे सलग पुंजके मोजायचे, आणि एवढा मोठा पुंजका नुसत्या योगायोगाने येईल का, हे विचारायचं. या हिशेबात पहिला थ्रेशोल्ड आपण ठरवतो. तो निकाल पाहून ठरवला, तर पुढच्या पी-व्हॅल्यूला अर्थ राहत नाही.

तिला मी हतनूर धरणाचं उदाहरण दिलं. पाणी उतरलं की वेगवेगळ्या दिसणाऱ्या टेकड्या खालून जोडल्या जातात आणि एकच लांब जमीन दिसते. थ्रेशोल्ड खाली आणला की तसंच होतं. आणि क्लस्टरची पी-व्हॅल्यू सांगते ती एवढंच की या सगळ्या पट्ट्यात कुठेतरी काहीतरी आहे. ते इन्सुलात आहे असं ती सांगत नाही. शीर्षकातला 'इन्सुला' हा शब्द त्या आकड्यातून आलेला नव्हता.

ती गप्प झाली, पण पटलेलं दिसेना. "सॉफ्टवेअरने दुरुस्ती केलीय ना, मॅडम?"

प्रश्न योग्य होता. २०१६ मध्ये अँडर्स एकलुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स नुटसन यांनी नेमकं हेच तपासलं. ४९९ निरोगी माणसांचे, काहीही काम न करता पडून असतानाचे स्कॅन त्यांनी घेतले आणि त्यातून वाटेल तसे गट पाडले. फरक सापडायलाच नको होता. चुकीचे निकाल शंभरात पाच अपेक्षित होते, पण एसपीएम, एफएसएल आणि अफनी या रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरच्या क्लस्टर पद्धतींत ते प्रमाण काही ठिकाणी ७० टक्क्यांपर्यंत गेलं. ०.०१ च्या थ्रेशोल्डला हा दोष जास्त होता, ०.००१ ला बराच कमी. मोठं कारण असं, की शेजारच्या व्होक्सेलमधलं साम्य अंतरागणिक एका ठरावीक गाउसियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वळणाने कमी होतं असं या सॉफ्टवेअरमधलं सूत्र धरून चालतं. खऱ्या मेंदूत ते साम्य लांबवर रेंगाळतं, आणि सगळीकडे सारखंही नसतं. त्यामुळे योगायोगाने येणारे पुंजकेही सूत्राच्या अंदाजापेक्षा मोठे निघतात.

सांगून झालं, पण आकडे ऐकून पटणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहून पटणं वेगळं. मी तिच्याच फाइलमधल्या 'रात' आणि 'दिवस' या खुणा कॉम्प्युटरकडून पिसून घेतल्या. कोण कुठल्या पाळीचा याला आता काही अर्थ नव्हता. पुन्हा ०.०१ लावला. कपाळामागे, मधोमध एक डाग आला, तिच्या डागाहून मोठा.

"हा तर डीफॉल्ट मोड नेटवर्कचा भाग, मॅडम! मन रिकामं भटकतं तेव्हा जागं होतं ते जाळं! रातपाळीत मन भरकटतं, त्यामुळे..."

वाक्य तिने अर्ध्यात सोडलं. तोंडावर हात ठेवून ती पडद्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं हे शिकवतेय, पण कुणाला हे इतकं आतून कळताना मी पाहिलं नव्हतं. मेंदूच्या कुठल्याही भागाला चिकटेल अशी गोष्ट आपल्याजवळ तयार असते. ती जुळली म्हणून पुरावा होत नाही.

मग रीतसर परम्युटेशन लावलं. पाळीने फरक पडत नसेल तर खुणांची अदलाबदल केली तरी चालायला हवी. म्हणून खुणा ५,००० वेळा पिसायच्या, दर वेळी सगळ्यात मोठा क्लस्टर टिपायचा, आणि खरा क्लस्टर त्या रांगेत कुठे बसतो ते पाहायचं. सूत्राचं गृहीतक नको, उत्तर माहितीतूनच येतं. मशीन चालू असताना आम्ही डबा खाल्ला, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. मध्येच लाइट गेली, इन्व्हर्टरने निभावलं.

तिचा क्लस्टर त्या रांगेत कुठेही उठून दिसला नाही. एवढे मोठे पुंजके पिसलेल्या खुणांतूनही सर्रास येत होते. ०.००१ वर तर उरलेल्या तुकड्यांपैकी एकही टिकला नाही.

रडेल असं वाटलं होतं. तिने वही काढून विचारलं, "मग लिहू काय?" आम्ही बसून वाक्य तयार केलं: या नमुन्यात दोन गटांतला फरक सिद्ध झाला नाही, आणि थ्रेशोल्ड न लावलेला पूर्ण नकाशा सोबत जोडला आहे. पुढे कुणी अशा अनेक अभ्यासांची मोट बांधली तर हा नकाशा कामाला येईल. नारिंगी डाग कापून छापला असता तर तो आला नसता. मार्गदर्शकांना फोन तिनेच केला. ते नाराज झाले. तिने आवाज न चढवता परम्युटेशनचे आकडे वाचून दाखवले आणि शीर्षक बदलणार असल्याचं सांगितलं.

न्यायला वडील आले होते. साक्रीकडचे, घरात अहिराणी. तिने त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी मला विचारलं, "म्हंजे रातपायीनं काहीज व्हत नही का?"

"असं नाही, दादा," मी म्हणाले. "होतं की नाही, ते एवढ्या माणसांवरून सांगता येत नाही. फरक लहान असेल तर इतक्या कमी जणांत तो दिसतही नाही. जास्त माणसं लागतील, आणि थ्रेशोल्ड स्कॅनच्या आधी कागदावर लिहून ठेवावा लागेल."

"मानसं मी देस," ते म्हणाले. "शेडमा शेत ना."

मुलीने तिथेच वही उघडली आणि नव्या पानावर पहिली ओळ लिहिली: थ्रेशोल्ड ०.००१, परम्युटेशन ५,०००.