गाठ पोटाखाली, मग एक्स-रे छातीचा का?

नऊ-दहा वर्षांची, नसबंदी न झालेली कुत्री. मागच्या आचळाजवळ लिंबाएवढी गाठ. मालक गाठ दाखवतात आणि डॉक्टर छातीचे तीन एक्स-रे लिहून देतात. ‘पैसे काढायचे धंदे’ असं मनात येणं साहजिक आहे, पण इथे डॉक्टरचं बरोबर आहे. गाठ तर हाताला लागतेच. ती कॅलिपरने मोजता येते: ३ सेंमीच्या आत, ३ ते ५, आणि ५ च्या वर, असे तीन टप्पे धरतात. गाठ कसली आहे ते बायोप्सी सांगते, एक्स-रे नाही. अशा गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या कॅन्सरच्या निघतात. म्हणून एक्स-रेकडून हवं असतं ते एकच उत्तर: फुप्फुसात काही पोचलंय का?

तीनच का, याचं कारण अगदी साधं. कुत्रं कुशीवर झोपलं की खालचं फुप्फुस दबतं, त्यातली हवा कमी होते, आणि तिथली गाठ आजूबाजूच्या करड्या रंगात विरघळून जाते. गाठ उठून दिसायला भोवती हवेचा काळा रंग लागतो. म्हणजे उजव्या कुशीवर घेतलेल्या फिल्ममध्ये डावं फुप्फुस चांगलं दिसतं, डाव्या कुशीवर उजवं. तिसरी फिल्म उताणी. एकाच कुशीवरच्या एका फिल्मवर ‘छाती क्लिअर’ लिहिलेला रिपोर्ट मी तरी अर्धाच मानतो.

पुढचे पाय चांगले पुढे ओढून धरायचे, नाहीतर खांद्याचे स्नायू फुप्फुसाच्या पुढच्या भागावर येतात. बटण दाबायचं ते पूर्ण श्वास आत घेतल्यावर. भूल दिलेलं कुत्रं बराच वेळ एका कुशीवर पडलं असेल तर खालचं फुप्फुस अजूनच दबतं, तेव्हा छातीच्या फिल्म आधी, बाकीची कामं नंतर.

आता फसवणाऱ्या गोष्टी. आचळाचं बोंड फुप्फुसावर गोल ठिपका होऊन येतं. शंका आली तर बोंडाला बेरियमचा टिपका लावून तीच फिल्म परत घ्यायची. ठिपका पांढराशुभ्र झाला तर ते बोंड. आपल्याकडे रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीडही हेच नाटक करते, म्हणून टेबलावर घेण्याआधी केसांतून हात फिरवावा. समोरून येणारी रक्तवाहिनी टोकावर गोल दिसते, पण शेजारी तेवढीच श्वासनलिका असते आणि कडेकडे जाताना असे गोल बारीक होत जातात. म्हाताऱ्या कुत्र्यांत २-३ मिमीचे, खडबडीत कडांचे, टोचतील असे पांढरे कण दिसतात. तो फुप्फुसात साठलेला हाडासारखा भाग, निरुपद्रवी. युक्ती लक्षात ठेवायला सोपी आहे: मांसल गाठ साधारण ४-५ मिमीची झाल्याशिवाय एक्स-रेवर दिसतच नाही, त्याहून लहान असून लख्ख दिसतंय, तर ते बहुधा हाड. यामुळेच स्वच्छ एक्स-रे म्हणजे ‘पसरलेला नाही’ अशी हमी नव्हे. सीटी स्कॅन एखाद-दोन मिमीपर्यंत जातो, पण त्याला भूल लागते आणि खर्चही बराच.

आचळांच्या मागच्या दोन जोड्यांत गाठी असतील तर जांघेतले लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) चाचपायचे, आणि सोनोग्राफीत कमरेखाली, महाधमनीला फाटे फुटतात तिथले इलियाक नोडही बघायचे. पुढच्या जोड्यांसाठी काख.

नराचं गणित उलटं. इथे पुष्कळदा गाठच सापडलेली नसते. थैलीत एकच वृषण, कुत्र्याची आचळं सुजलेली, दोन्ही कुशींवरचे केस सारखे झडलेले: पोटात राहिलेल्या वृषणाला त्यातल्याच सर्टोली नावाच्या पेशींची गाठ झाल्याची ही लक्षणं. त्याला लघवीला न सोडता आणा. भरलेल्या मूत्राशयाच्या आधाराने शोधणं सोपं जातं. मूत्रपिंडाच्या मागच्या टोकापासून जांघेच्या छिद्रापर्यंत प्रोब सावकाश न्यायचा. निरोगी वृषण एकसारखं करडं असतं आणि लांबीत धरलं की मधोमध एक पांढरी रेघ दिसते. ती रेघ दिसली की ओळख पटली. गाठीने ती गिळून टाकली असेल, तर ज्या नराचं एखादं वृषण हिशेबात नाही त्याच्या पोटातला अनोळखी गोळा वृषणच समजून चालावं. गाठ वृषणाच्या गाठींच्या तीन प्रकारांपैकी कुठली हे सोनोग्राफी ठरवू शकत नाही. अशा कुत्र्याचं रक्त ऑपरेशनआधी तपासायलाच हवं, कारण गाठीतून येणारं इस्ट्रोजेन अस्थिमज्जा दाबतं आणि प्लेटलेट घसरतात.

प्रोस्टेटबद्दल (मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी नराची ग्रंथी) एकच गोष्ट अधोरेखित करतो. खच्ची केलेल्या नराची प्रोस्टेट लहान व्हायला हवी. ती पोटाच्या एक्स-रेत मोठी दिसली आणि आत कॅल्शियमचे पांढरे ठिपके असतील, तर कॅन्सर धरूनच पुढे जावं. खच्ची न केलेल्या नरात तेच ठिपके जुन्या संसर्गानेही येतात. कंबरेच्या शेवटच्या मणक्यांची खालची कड खरबरीत झालीय का, तेही त्याच एक्स-रेत बघून घ्यावं. नमुना घ्यायची सुई मात्र घाईने खुपसू नये. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत.

आणि रस्त्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याच्या लिंगातून किंवा योनीतून रक्त गळतंय, फुलकोबीसारखं मांस दिसतंय, तर आधी मशीनकडे धावू नका. काचपट्टी त्या मांसावर दाबा, जिम्साने (पेशी रंगवायचं द्रव्य) रंगवा. गोल पेशी आणि त्यांत ओळीने पारदर्शक बुडबुडे दिसले तर तो समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणारा कॅन्सर, टीव्हीटी. बहुतेक वेळा दर आठवड्याच्या व्हिन्क्रिस्टिनने (केमोथेरपीचं औषध) जातो. चार-पाच डोस होऊनही गाठ हलत नसेल, किंवा जांघेत नोड लागत असेल, तेव्हा सोनोग्राफी.