चार वाजता परत साहेबांच्या केबिनमध्ये

सकाळी साहेबांनी बिलावर मागची तारीख टाकायला सांगितली आणि माझ्या तोंडून "हो सर" कधी निघालं, मलाच कळलं नाही. मग दुपारपर्यंत डबा घशाखाली उतरेना.

आठवला तो पेत्र, येशूचा शिष्य. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात (5:29) हाच माणूस यरुशलेमच्या न्यायसभेपुढे ठणकावून सांगतो, माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. पण अंत्युखिया शहरात? परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा, आणि यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली तसा हळूच त्या पंगतीतून उठला. सुंतावाल्यांच्या, म्हणजे सुंता पाळणाऱ्या यहुद्यांच्या भीतीने. पौल या दुसऱ्या प्रेषिताने तोंडावर सुनावलं (गलतीकरांस पत्र, अध्याय 2). म्हणजे सभेपुढे वाघ आणि ताटावर मांजर! मी तर सभेपुढेही मांजरच.

लहानपणी 'देवाचं भय' म्हटलं की आईच्या हातातलं लाटणं दिसायचं. आज वेगळं वाटलं. साहेब रागावतील याची भीती होतीच, पण स्वर्गातल्या बापाला वाईट वाटेल ही जास्त बोचत होती.

चार वाजता गेलो. पाय लटपटत होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "सर, आजचीच तारीख टाकतो." त्यांनी दोन सेकंद बघितलं, "ठीक आहे" म्हणाले आणि पुन्हा मोबाईलमध्ये. एवढंच! (उद्याचं उद्या.)

येताना राजवाड्याजवळ जीरावन मसाला भुरभुरलेले पोहे घेतले. एरवी बाहेर खाताना चपलेचा पट्टा नीट करतोय असं दाखवून प्रार्थना उरकतो. आज ताट हातात धरून सरळ डोळे मिटले. उघडले तर ठेलेवाला काळजीत: "क्या हुआ भिया, जीरावन कम है क्या?"